घरच्या एसएसडीला 'ऑप्टिमाइझ' करायचा खटाटोप कशाला?

बिनपंख्याचा: ओळखीतल्या कुणाचाही पीसी उघडा, एखादं 'बूस्टर' हमखास सापडतं. एसएसडी (फ्लॅश चिपांवर डेटा ठेवणारा ड्राइव्ह) डीफ्रॅग करणारं, म्हणजे फाइलचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणारं, नाहीतर पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाइल) जुन्या हार्डडिस्कवर हलवणारं. माझं म्हणणं, काढून टाका. डीफ्रॅग हवं होतं ते फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कला. एसएसडीत तुकडे वाचत फिरणारं हेडच नाही, त्यामुळे फाइलचे तुकडे झाले तरी फारसं बिघडत नाही. डीफ्रॅगने लेखन मात्र फुकट वाढतं. खरं काम ट्रिमचं. फ्लॅशमध्ये लिहिता येतं एकेक पान, पण पुसायचं म्हटलं की अख्खा ब्लॉक. म्हणून कुठली पानं आता नकोत हे ड्राइव्हला कळवावं लागतं; हेच ट्रिम, आणि ते विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, आपोआप होतं. लिहून लिहून फ्लॅश झिजतो, त्या झिजेचं म्हणाल तर सॅमसंग ८७० ईव्होच्या १ टीबी मॉडेलची वॉरंटी ६०० टीबी लेखनाची आहे. रोज ३० जीबी लिहा, वर्षाला ११ टीबी होतात. करा हिशोब.

रेवा_पुणे: हिशोब १ टीबीचा झाला हो. जुन्या लॅपटॉपला नवं आयुष्य म्हणून लोक बसवतात ते १२०-१२८ जीबीचे, डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची वेगवान मेमरी) नसलेले स्वस्त ड्राइव्ह. सी ड्राइव्ह भरून लाल झाला की एसएलसी कॅशला, म्हणजे वेगाने लिहून घ्यायच्या तात्पुरत्या भागाला, जागा उरत नाही आणि साधी कॉपीही रांगायला लागते. तिथे १५-२० टक्के जागा मोकळी ठेवणं, वापरत नसाल तर हायबरनेट (रॅममधलं काम डिस्कवर ठेवून पीसी बंद करायची सोय) बंद करून काही जीबी सोडवणं, ही देखभालच आहे. 'काही करू नका' हा सल्ला अशा घरांत महागात पडतो.

बिनपंख्याचा: जागेचं मान्य, शंभर टक्के. माझा विरोध सॉफ्टवेअरला आहे. आणि पेजफाइल एसएसडीवरच राहू द्या, ८ जीबी रॅमच्या मशीनला तिचाच आधार असतो.

देवळालीकर: दोघंही वेगाबद्दलच बोलताय. आमच्याकडे वीज केव्हा जाईल नेम नाही. घरगुती एसएसडीत बहुधा वीज गेल्यावर हातातलं काम पुरं करायला थोडी वीज साठवणारे कपॅसिटर नसतात. डेस्कटॉपला यूपीएस घ्या, बाकीचं नंतर.

रेवा_पुणे: त्यात बॅकअपची भर घाला. हार्डडिस्कवर डिलीट झालेले फोटो रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरेचदा परत मिळायचे. ट्रिम झालेल्या एसएसडीवर ती आशा जवळजवळ नाहीच.

बिनपंख्याचा: म्हणूनच म्हणतो, बूस्टरचे पैसे बाहेरच्या हार्डडिस्कवर घाला. ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोत हेल्थ ९८ टक्के दिसली तरी ड्राइव्ह चालवणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, एका दिवसात बंद पडू शकते. तो आकडा मुख्यतः झिजेचा.

देवळालीकर: आणि ती हार्डडिस्क कॉपी झाली की काढून ठेवा. कायम जोडलेली असली तर रॅन्समवेअर (खंडणी मागणारा व्हायरस) दोन्हीकडच्या फाइली एकदमच लॉक करतं.