काकूंनी स्वतःहून विचारलं आणि मी विषय टाळला. आता काय बोलू?

नमस्कार मंडळी,

मी मूळ नगरची, ख्रिस्ती घरातली. लग्नानंतर नऊ वर्षं पुण्यात. सोसायटीत ख्रिस्ती म्हणाल तर आमचं एकच घर. नाताळात आमच्या करंज्या-अनारसे सगळ्या मजल्यांवर जातात, गणपतीत मोदक आमच्याकडे येतात. धर्माचा विषय कुणी काढला नाही, मीही नाही.

गेल्या महिन्यात समोरच्या काकांची बायपास झाली. मुलगा बंगळूरला. तो येईपर्यंत मी डबा न्यायचे, रात्री काकूंसोबत थांबायचे. तिसऱ्या रात्री आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर मी मोबाइलवर बायबलमधलं स्तोत्र वाचत होते, ओठ हलत असणार. काकू म्हणाल्या, "काय पुटपुटतेस गं रोज? मलाही सांग की."

आणि मी म्हणाले, "काही नाही काकू, असंच. चहा आणू?"

आणला चहा. मशीनचा, गोडमिट्ट. पण तेव्हापासून जीव खातोय तो प्रश्न. आमच्या चर्चचे पाळक (धर्मगुरू) दर रविवारी साक्ष द्या, म्हणजे आपली श्रद्धा इतरांना सांगा, म्हणतात आणि इथे समोरून विचारलं तर माझी बोबडी वळली.

कारण आहे. माझा एक चुलतभाऊ मागे एका दवाखान्यात वॉर्डभर धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटत फिरला होता. एका पेशंटच्या जावयाने सगळ्यांसमोर झापलं त्याला, "माणूस आडवा पडलाय आणि तुम्ही दुकान मांडताय?" जावयाचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. काकूंच्या मुलाच्या मनात माझ्याबद्दल तेच आलं तर?

दुसरी अडचण भाषेची. आमची चर्चमधली मराठी बाहेर काढली की विचित्रच वाटते. तारण (म्हणजे आमच्याकडे मुक्ती) म्हटलं की काकूंना बँकेचं कर्ज आठवणार, साक्ष म्हटलं की कोर्ट. मनातलं साध्या शब्दांत सांगायची सवयच नाही.

काका आता घरी आलेत. विषय पुन्हा काढावा का? कसा? मला कुणाला बाटवायचं वगैरे नाही, हे आधीच सांगते.

प्रतिसाद १, वसईकर
ताई, विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, हे बायबलमधलं पेत्राचं पत्र तुम्हाला पाठ असेल. पुढचे शब्द लोक गाळतात: सौम्यतेने व भीडस्तपणाने. तुमची भीड हा दोष धरू नका. भाषेचं म्हणाल तर धर्मगुरू फादर स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे, पण 1616 साली गोव्यात ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन हाताशी धरलं. काकू हरिपाठ म्हणत असतील तर टिळकांचा अभंग त्यांना परका वाटणार नाही.

प्रतिसाद २, माळकरी
मी वारकरी घरातला, पलीकडच्या बाजूने सांगतो. आई आजारी असताना एका ख्रिस्ती नर्सने विचारलं, "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" आई हो म्हणाली, दोन मिनिटांत झालंही. आईला इतकं बरं वाटलं की आजही तिचं नाव काढते. मग त्या नर्सच्या ओळखीचे कुणीतरी दर शनिवारी फोन करायला लागले, उद्या सभेला या, गाडी पाठवतो. तिथे माझं डोकं फिरलं. विचारून केलेली प्रार्थना आणि मागे लागणं, एवढाच फरक होता. आणि कृपा करून "प्रार्थना केली म्हणून काका वाचले" असं बोलू नका. सर्जननेही रात्र जागवलीय.

प्रतिसाद ३, कायद्याचं बोला
भावना बाजूला ठेवून: राज्यघटनेच्या 25 व्या कलमात धर्माचा प्रसार करायचा हक्क आहे. पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्पष्ट केलंय. शेजारणीने विचारलं म्हणून आपली श्रद्धा सांगण्यात काही गैर नाही. मुलगा घरी असताना, त्याच्यादेखतच बोला. लपूनछपून बोललात की संशय येतोच.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. माळकरीदादा, तुमचा शेवटचा मुद्दा लागला, कारण मी नेमकं तेच म्हणणार होते.

काल भाजणीचं थालीपीठ घेऊन गेले. मुलगा तिथेच लॅपटॉपवर होता. म्हटलं, काकू, त्या रात्री तुम्ही विचारलंत आणि मी टाळलं. मी स्तोत्र म्हणत होते, 23 वं, मेंढपाळाचं. भीती वाटली की तेच म्हणते, आजीने शिकवलंय. काकू म्हणाल्या, "मग म्हण की." म्हटलं. मध्ये एक ओळ विसरले, घाम फुटला. मुलाने मान वर केली, काही बोलला नाही. काकू म्हणाल्या, "आमच्या गावाकडे धनगर आहेत, मेंढरू हरवलं तर रात्रभर हिंडतात," आणि मग अर्धा तास धनगरांवरच बोलल्या. माझं सांगणं तिथेच राहिलं.

निघताना म्हणाल्या, ते लिहून दे, मोठ्या अक्षरात, मोतीबिंदू आहे. स्तोत्रं मोठ्या टायपात सुटी छापलेली पुण्यात कुठे मिळतात का? अख्खं बायबल एकदम हातात द्यायचं नाहीये. नाहीतर आज रात्री स्केचपेन घेऊन बसते.