पिंजरा बाहेर ठेवा, पण नुसती वाट बघू नका

कुणीतरी लिहिलंय की पाळलेला कॉकटील (तुरा असलेला छोटा पोपट) घरातून उडून गेला तर पिंजरा बाहेर ठेवून बसावं, भूक लागली की येतोच. अर्धंच खरं आहे ते. घरात वाढलेल्या पक्ष्याला उंच चढणं जमतं, पण तिथून खाली उतरायची सवय नसते. हाक ऐकूनही तो फांदीवर तसाच बसून राहतो. हट्टीपणा नव्हे, भीती.

आमचा उडाला तेव्हा दुपारभर झाडाखाली ओरडून माझा घसा बसला, उत्तर नाही. भर दुपारी हे पक्षी गप्पच असतात. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याच्या जोडीदारिणीचा पिंजरा अंगणात ठेवला. तिनं साद घातली आणि शेजारच्या गच्चीमागून उत्तर आलं! जोडीदार नसेल तर मोबाइलवर त्याच्याच आवाजाचं रेकॉर्डिंग लावा, मधे थांबून कान द्या.

दिसला की धावू नका, शिडी तर नकोच. घाबरून आणखी लांब जातो. आवडीचा दाणा दाखवत, जरा खालच्या फांदीवर यायला वेळ द्या. अंधार पडला तर तो कुठे बसलाय ते नीट लक्षात ठेवा. पक्षी सहसा रात्री हलत नाही, मात्र पहाटे त्याच्याआधी तुम्ही तिथं हवेत.