पॅक-१२ चा वारसा कुणाचा? पुलमन-कॉर्व्हालिसला फुकटे म्हणणाऱ्यांना उत्तर

पुलमनकर

आमच्या ग्रुपवर काल एका सद्गृहस्थांनी लिहिलं की पॅक-१२, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या बारा विद्यापीठांची क्रीडा संघटना (कॉन्फरन्स), दहा सभासद सोडून निघाले तेव्हा ऑगस्ट २०२३ मध्येच संपली. खरी पॅक-१२ म्हणे लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए, आणि स्टॅनफर्ड, बाकीचे सगळे भरतीचे. आणि आता आमची पुलमनची वॉशिंग्टन स्टेट आणि कॉर्व्हालिसची ओरेगन स्टेट ही दोन फुकटी कॉलेजं ते नाव आणि पैसे लाटून बसली आहेत. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी वारसा. २ डिसेंबर १९१५ ला पोर्टलंडच्या इम्पीरियल हॉटेलात पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स, पॅक-१२ ची पूर्वज, स्थापन झाली तेव्हा सभासद चारच होते: बर्कली, वॉशिंग्टन (सिअ‍ॅटलचं; आमची वॉशिंग्टन स्टेट वेगळी), ओरेगन आणि ओरेगन अ‍ॅग्रिकल्चरल कॉलेज. हे शेतकी कॉलेज म्हणजेच आजची ओरेगन स्टेट. वॉशिंग्टन स्टेट १९१७ ला आली, स्टॅनफर्ड १९१८ ला. यूएससीला १९२२ उजाडलं आणि यूसीएलएला १९२८. मग भरतीचं कोण?

आता "लाटले" बद्दल. सोडून जाण्याची नोटीस दिली की संचालक मंडळावरची जागा जाते, असं नियमावलीतच आहे. २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलएने बिग टेन या दुसऱ्या, श्रीमंत कॉन्फरन्सची वाट धरली तेव्हा उरलेल्या दहांनी हाच नियम लावून त्यांना मंडळाबाहेर ठेवलं. तेव्हा कुणालाही अन्याय दिसला नाही. वर्षभराने त्या दहांतले आठ स्वतः निघाले आणि म्हणू लागले, आमचं मत मात्र राहू द्या. पुलमनच्या व्हिटमन काउंटीच्या कोर्टाने ते मानलं नाही, आणि डिसेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. शेवटी तडजोड झाली आणि जाणाऱ्या दहा कॉलेजांनी मिळून साडेसहा कोटी डॉलर सोडले. याला लाटणं म्हणत नाहीत.

ईएसपीएन वाहिनीचा कॉलेज गेमडे हा अमेरिकन फुटबॉलचा कार्यक्रम २००३ पासून ज्या ज्या गावी गेला, तिथे गर्दीत मागे वॉशिंग्टन स्टेटचा किरमिजी झेंडा असतो. आमचा सामना असो वा नसो, कुणीतरी माजी विद्यार्थी गाडी हाकत जातो आणि काठी धरून उभा राहतो. मीही एकदा धरली आहे. पहाटेच्या अंधारात, बोटं गारठलेली, आणि शेजारी आयोवाहून आलेले अनोळखी आजोबा थर्मासमधली कॉफी पाजत होते. अशा लोकांना कुणी फुकटे म्हणावं?

ब्रुइन_पार्लेकर

असहमत. इतिहास सोयीचा तेवढाच सांगितलात.

१९१५ ची ती कॉन्फरन्स १९५९ ला विसर्जित झाली. त्याच वर्षी वॉशिंग्टन, बर्कली, यूसीएलए आणि यूएससी यांनी नवी संघटना काढली, स्टॅनफर्ड लगोलग आली. तुमच्या वॉशिंग्टन स्टेटला १९६२ ला घेतलं, ओरेगनच्या दोघांना १९६४ ला. नंतर त्याचीच पॅक-८ झाली, १९७८ ला अ‍ॅरिझोनाची दोन येऊन पॅक-१०, २०११ ला कोलोरॅडो आणि युटा येऊन पॅक-१२. म्हणजे आज जी संस्था आहे तिच्या स्थापनेत तुम्ही दोघंही नव्हता.

आणि वारसा म्हणजे फक्त सनावळी नव्हे. या कॉन्फरन्सने एनसीएए या देशभरच्या कॉलेज खेळांच्या संस्थेची पाचशेहून जास्त विजेतेपदं मिळवली. त्यातली बहुतेक स्टॅनफर्ड, यूसीएलए आणि यूएससीची. यूसीएलएचे प्रशिक्षक जॉन वुडन यांनी १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत बास्केटबॉलची दहा विजेतेपदं घेतली ती आमच्या वेस्टवूडमध्ये बसून, पुलमनमध्ये नव्हे. लॉस एंजेलिसची बाजारपेठ होती म्हणून टीव्हीवाले चेक फाडत होते. वर्षानुवर्षं तो चेक समान वाटला गेला आणि तुम्ही घेतला. आम्ही निघालो की आम्ही गद्दार?

पुलमनकर

१९५९ ला विसर्जित का झाली तेही सांगा ना. १९५६ मध्ये खेळाडूंना चोरून पैसे देणारे निधी उघडकीला आले. कुठे? वॉशिंग्टन, यूसीएलए, यूएससी आणि बर्कली. दंड झाला, बंदी आली. मग ज्यांना शिक्षा झाली त्यांनीच घर मोडलं आणि स्वतःपुरतं नवं बांधलं. आयडाहोला तर परत कधी बोलावलंच नाही. पुलमनहून मॉस्कोचं आयडाहो विद्यापीठ आठ मैलांवर आहे. १९२२ पासूनचा सभासद, पण कुणी दार उघडलं नाही.

तीच माणसं, तोच हिशेब, २०२३ मध्ये परत. म्हणून मला "टीव्हीने मारलं" हे पटत नाही. टीव्ही नव्हता तेवढा मोठा तेव्हाही यांनी हेच केलं होतं.

हस्की_सिअ‍ॅटल

वॉशिंग्टनवाल्यांना सरसकट त्या माळेत ओवू नका. आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत थांबलो होतो.

पॅक-१२ चे कमिशनर लॅरी स्कॉट यांच्या काळात काय झालं ते विसरलात का? २०१२ ला स्वतःच्या मालकीचं टीव्ही नेटवर्क काढलं, भागीदार घेतला नाही, आणि डायरेक्टीव्ही या उपग्रह टीव्ही कंपनीशी करार शेवटपर्यंत झालाच नाही. माझ्या सासऱ्यांकडे डायरेक्टीव्ही होतं. शनिवारी सगळं घर जमायचं आणि आमचाच सामना दिसायचा नाही. कमिशनरचा पगार वर्षाला ५० लाख डॉलरच्या वर, ऑफिस सॅन फ्रान्सिस्कोच्या महागड्या भागात. मग २०२२ च्या शरद ऋतूत ईएसपीएन प्रत्येक कॉलेजला वर्षाला ३ कोटी डॉलर द्यायला तयार होतं आणि यांनी ५ कोटी मागितले, अशा बातम्या आल्या. शेवटी हातात राहिला अ‍ॅपलचा करार, सबस्क्रिप्शन किती खपतील त्यावर कमाई. त्या भरवशावर शंभर वर्षांचा क्रीडा विभाग चालवायचा? ४ ऑगस्ट २०२३ ला आम्ही आणि ओरेगन बिग टेनमध्ये गेलो तेसुद्धा जवळपास अर्ध्या वाट्यावर. यूएससी-यूसीएलएला मात्र पूर्ण वाटा. हौसेने जाणारा माणूस अर्ध्या पगारावर जात नाही.

आणि वॉशिंग्टन विरुद्ध वॉशिंग्टन स्टेट हा दरवर्षीचा फुटबॉल सामना, अ‍ॅपल कप, आम्ही सोडलेला नाही, २०२८ पर्यंतचा करार आहे.

पुलमनकर

अ‍ॅपल कपचं नाव काढलंत म्हणून. १४ सप्टेंबर २०२४, लुमेन फील्ड, २४-१९. शेवटच्या मिनिटाला गोल रेषेवर अडवलं तुम्हाला. "छोटं" कॉलेज.

नेटवर्कचा मुद्दा मान्य करावाच लागेल, तिथे नालायकपणा झाला. पण त्या कारभाराला मत देणाऱ्यांत तुमचेही अध्यक्ष होते.

बे_एरियाची_आई

तुम्ही सगळे फुटबॉलवर भांडताय. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा, तेही चार्टर विमानाने जातो. माझी मुलगी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात व्हॉलीबॉल खेळते, आठवड्याला दोन सामने. पूर्वी अ‍ॅरिझोना, ओरेगन, लॉस एंजेलिस असं फिरायची. आता कॉन्फरन्स अटलांटिक किनाऱ्यावरची.

गेल्या सीझनमध्ये तिला घ्यायला विमानतळावर गेले. रात्रीचा प्रवास करून आलेली, घोटा सुजलेला, बर्फाची पिशवी प्लास्टिकने गुंडाळून बांधलेली, आणि हातात ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या नोट्स. मिडटर्म तिने हॉटेलच्या खोलीत दिली होती, कोचच्या सहायकाने समोर बसून घेतली. "आई, आज नऊला लॅब आहे" म्हणाली आणि गाडीत बसल्या बसल्या झोपली. वारसा कुणाचा हे ठरवा निवांत. ही फरफट कुणाच्या सोयीसाठी चालली आहे ते आधी सांगा.

सडेतोड_सनीव्हेल

अवांतर आहे पण राहवत नाही. ताई, मुलीला त्या कॉलेजात प्रवेश व्हॉलीबॉलवरच मिळाला ना? मग प्रवासाची तक्रार कशाला?

माझा मुलगा शाळेत अव्वल, गणिताच्या स्पर्धा, सगळं होतं. पहिल्या पसंतीच्या कॉलेजाने नाकारलं. त्याच्याच वर्गातला, त्याच्यापेक्षा कितीतरी मागे असलेला मुलगा रोइंगवर आत गेला. आपल्या मंडळातले निम्मे आईबाप आता मुलांना आठव्या वर्षापासून फेन्सिंगला आणि स्क्वॉशला घालतात ते खेळाच्या प्रेमापोटी नाही. २०१९ च्या लाच देऊन प्रवेश घेण्याच्या घोटाळ्यात स्टॅनफर्डच्या सेलिंगच्या आणि यूसीएलएच्या सॉकरच्या प्रशिक्षकांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. विद्यापीठाने शिकवावं. खेळांच्या जागा बंद करा, कॉन्फरन्सचा प्रश्नच मिटतो.

बे_एरियाची_आई

माझ्या मुलीला तुम्ही ओळखत नाही. पहाटे पाचला उठून जिममध्ये जाते आणि तिचे मार्क तुमच्या मुलाच्या तोडीचे आहेत. लाच देणाऱ्या श्रीमंतांचं पाप घाम गाळणाऱ्या मुलींच्या माथी मारू नका. मुलाला प्रवेश मिळाला नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, पण ती जागा माझ्या मुलीने चोरलेली नाही.

सडेतोड_सनीव्हेल

चोरी म्हटलं नाही मी. रांगा दोन आहेत एवढंच म्हटलं. एका रांगेत कोच चिठ्ठी देतो, दुसरीत माझ्या मुलासारखे हजारो उभे राहतात.

मैदानातला_माणूस (पुणे)

अमेरिकेत राहून खेळाच्या जागा बंद करा म्हणताय हे वाचून चीड आली. इथे येऊन बघा बंद असल्या की काय होतं.

आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक १९३५-३६ पासूनचा. गावसकरांसारखे खेळाडू मुंबई विद्यापीठाकडून खेळले, पेपरात रकाने भरून यायचे. आज आंतरविद्यापीठ सामना कुठे आहे ते खेळणाऱ्याच्या वर्गमित्रालाही माहीत नसतं. मी स्वतः विद्यापीठाकडून कबड्डी खेळलो. पश्चिम विभागाच्या स्पर्धेला रेल्वेच्या जनरल डब्यात दाराशी बसून गेलो, राहायला शाळेचा वर्ग, अंथरायला सतरंजी. परत आलो तर प्रॅक्टिकल बुडालं म्हणून सर सही देईनात. हजेरी भरून काढायला महिना गेला.

तेजस्विन शंकर उंच उडीत एनसीएएचा विजेता झाला, २०१८ आणि २०२२ ला, कॅन्सस स्टेटकडून. थाळीफेकीतला विकास गौडा नॉर्थ कॅरोलिनाचा, टेनिसमधला सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाचा. ही मुलं तिथे घडली कारण तिथे खेळाडूला ट्रॅक, कोच, फिजिओ आणि पदवी एकाच ठिकाणी मिळते. त्या कोचच्या चिठ्ठीच्या रांगेतूनच आपली मुलं आत गेली.

सडेतोड_सनीव्हेल

तेजस्विनबद्दल वाद नाही. तो जागतिक दर्जाचा खेळाडू आहे, त्याला जरूर घ्या. माझा आक्षेप खासगी क्लबांत वर्षाला हजारो डॉलर भरून तयार केलेल्या मध्यम वकुबाच्या खेळाडूंना आहे. हे पुण्यात बसून दिसणार नाही.

मैदानातला_माणूस (पुणे)

आणि सनीव्हेलमध्ये बसून सतरंजी दिसणार नाही.

ब्रुइन_पार्लेकर

मूळ मुद्द्यावर येऊ का? ट्रॅक, कोच, फिजिओ याला पैसा फुटबॉलचा लागतो. स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठाने जुलै २०२० ला अकरा खेळ बंद करायचं जाहीर केलं होतं, माजी विद्यार्थी पेटून उठले म्हणून मे २०२१ ला निर्णय फिरवला. यूसीएलएचा क्रीडा विभाग तोट्यात होता. बिग टेनचा पैसा आला नसता तर पहिली कुऱ्हाड ताईंच्या मुलीसारख्यांवरच पडली असती. शिवाय यूसीएलए आणि बर्कली या दोघांच्या सामाईक नियामक मंडळाने, रीजंट्सनी, यूसीएलएला दरवर्षी एक कोटी डॉलर बर्कलीला द्यायला लावले. गद्दारीची किंमतही आम्ही मोजतोय.

आणि पुलमनकर, लुटले गेलो म्हणून रडत होतात ना? मग माउंटन वेस्ट या शेजारच्या कॉन्फरन्सचं काय केलंत? २०२४ ला त्यांनी तुम्हाला सामने दिले, आधार दिला. त्याच सप्टेंबरमध्ये बॉयसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट आणि मग युटा स्टेट, पाच कॉलेजं उचललीत. वर करारात ठरलेला साडेपाच कोटी डॉलरचा दंड नको म्हणून त्यांनाच कोर्टात खेचलंत. यूएससीने तुमच्याशी केलं ते तुम्ही वर्षभरात दुसऱ्याशी केलंत.

पुलमनकर

हे लागलं. फ्रेस्नोसारखीच कॅलिफोर्नियातली सॅन होजे स्टेट मागे राहिली, तिच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं तर चांगलं वाटत नाही, हे खरं.

पण आठ सभासद नसतील तर एनसीएए कॉन्फरन्स मानत नाही आणि दोन वर्षांचीच सवलत होती. मरायचं का? माउंटन वेस्टसुद्धा डेन्व्हर विमानतळावरच्या बैठकीतून जन्मली, १९९८ मध्ये आठ जण डब्ल्यूएसी ही त्यांची जुनी कॉन्फरन्स सोडून निघाले तेव्हा. या धंद्यात हात स्वच्छ कुणाचेच नाहीत. फरक एवढाच की आम्ही ज्यांना घेतलं ते बहुतेक पश्चिमेतले आहेत. गोन्झागा स्पोकॅनला, पुलमनहून दीड तासावर. टेक्सास स्टेट तेवढी लांब. १ जुलै २०२६ पासूनच्या या पॅक-१२ मध्ये व्हॉलीबॉलच्या मुली त्याच रात्री घरी पोचतील असे सामने तरी आहेत.

बे_एरियाची_आई

पार्लेकर, माझ्या मुलीच्या नावाने बिग टेनचे पैसे समर्थनीय ठरवू नका. तुमचेच तेव्हाचे फुटबॉल प्रशिक्षक चिप केली २०२३ मध्ये म्हणाले होते की फुटबॉल वेगळं करा आणि बाकीचे खेळ आपापल्या भागात खेळू द्या. मग ते का होत नाही? स्टॅनफर्ड, बर्कली, यूसीएलए, ओरेगन, वॉशिंग्टन स्टेट यांचा व्हॉलीबॉल एकत्र ठेवायला कुणाच्या टीव्ही कराराचं काय बिघडतं?

हस्की_सिअ‍ॅटल

ताईंशी सहमत. बिग टेन अडवेल, कारण त्यांच्या वाहिनीला आठवडाभर दाखवायला व्हॉलीबॉल हवाच असतो. पण आपल्या माजी विद्यार्थी संघटनेकडून अध्यक्षांना पत्र जाऊ शकतं. मसुदा मी करतो.

ब्रुइन_पार्लेकर

पत्रावर माझीही सही घ्या. फक्त व्हॉलीबॉल, पोहणं आणि सॉफ्टबॉलपुरती. १९१५ वाला परिच्छेद त्यात घुसवलात तर सही काढून घेईन.

पुलमनकर

१९१५ घालणार. आणि आयडाहोसुद्धा.