पिस्तुलात काडतूस अडकत असेल, तर आधी मॅगझिन तपासावे की चेंबरचा उतार घासावा?

गोदाकाठ, नांदेड (मूळ लेखन)

.३२ बोअरचे पिस्तूल बाळगणाऱ्या परवानाधारकांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते : पहिली गोळी नीट सुटते, मात्र दुसरे काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) जाण्याआधीच अडकते. त्यावर, चेंबरच्या तोंडाशी असलेला उतार पॉलिश पेपरने घासावा, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. गेलेला धातू परत येत नाही, आणि उतार प्रमाणाबाहेर खोल झाला तर काडतुसाच्या बुडाला तेथे आधार उरत नाही, त्यामुळे दाबाखाली पुंगळी (काडतुसाचे धातूचे कवच) फुटण्याचा धोका निर्माण होतो.

स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) पुढे येताना मॅगझिनच्या (काडतुसे भरण्याच्या डबीच्या) ओठांतून, म्हणजे वरच्या वळवलेल्या कडांतून, वरचे काडतूस ढकलते, गोळीचे टोक उतारावरून वर चढते आणि बुडाची कड एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) आकड्याखाली सरकते. काडतूस कोणत्या अवस्थेत अडकले, यावरून दोष शोधता येतो. टोक खाली उताराला धडकले असेल तर मॅगझिनची स्प्रिंग थकली असण्याची शक्यता मोठी. टोक वर उचलले जाऊन काडतूस उभे राहिले असेल तर ओठ फाकलेले असू शकतात. आणि स्लाइड काडतुसाला स्पर्श न करताच त्याच्यावरून पुढे गेली असेल, तर मॅगझिन पुरते बसले आहे का हे प्रथम पाहावे. म्हणून दोन मॅगझिनांवर खुणा करून ती आलटून पालटून वापरावीत. दोष एकाच मॅगझिनसोबत फिरत असेल, तर पिस्तुलाला हात लावण्याचे कारणच राहत नाही.

रानवारा, परभणी

साहेब, आपले तर्कशास्त्र मान्य आहे, परंतु आपण ज्याला घासणे म्हणता आणि मी ज्याला चकाकी देणे म्हणतो त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या पिस्तुलाच्या उतारावर कारखान्यातील हत्याराचे आडवे ओरखडे नुसत्या डोळ्यांना दिसत होते आणि गोळीचे टोक प्रत्येक वेळी तेथेच थबकत होते. उताराचा कोन तसाच ठेवून केवळ ओरखडे कमी केल्यावर तो दोष गेला. मॅगझिन मी दोन्ही तपासली होती. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी परवानाधारक दुरुस्ती करणारा सापडत नाही, आणि प्रत्येक निवडणुकीत पोलिस ठाण्यात जमा केलेले शस्त्र परत मिळते तेव्हा तेल घट्ट झालेले असते. अशा स्थितीत मालकाने काहीच करू नये, हे म्हणणे शहरात बसून सोपे आहे.

सरावपट, छत्रपती संभाजीनगर

काका, मी आपल्याशी आणि मूळ लेखकांशीही सहमत नाही. मी .२२ पिस्तुलाने २५ मीटर प्रकारात सराव करते, आणि माझ्या मते पहिला संशय काडतुसांवर घ्यावा. .२२ काडतुसाच्या शिशाच्या गोळीवर मेणासारखे वंगण असते. ते आणि न जळालेल्या दारूचा थर चेंबरच्या तोंडाशी साचत जातो, मग स्लाइड शेवटचे एक-दोन मिलिमीटर पुढे येत नाही. एका पिस्तुलाला एका कंपनीचे काडतूस मानवते, दुसऱ्याला मानवत नाही. मैदानी नियमही येथे कठोर आहेत : नेमबाजाला स्वतः टाळता आला असता असा बिघाड ग्राह्य धरला जात नाही, आणि पंचांनी तपासण्यापूर्वी यंत्रणेला हात लावला तर दावाच संपतो. म्हणूनच सफाई आणि काडतुसांची निवड हीच माझ्या दृष्टीने खरी दुरुस्ती आहे.

शस्त्रागार, लातूर

पोलिस दलाच्या शस्त्रागारात अनेक वर्षे काम केले आहे, त्या आधारावर सांगतो. ताईंचे म्हणणे .२२ पुरते बरोबर आहे, पण .३२ ऑटोमॅटिक काडतुसाची रचना निराळी आहे. त्याच्या कडेचा व्यास बुडापेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त असतो, त्यामुळे भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि मॅगझिन जागच्या जागी थांबते. आखूड गोळीची काडतुसे मॅगझिनमध्ये पुढे-मागे हलतात, त्यांच्याबाबत हे अधिक घडते. येथे ना स्प्रिंग दोषी, ना उतार. भरणारा हात दोषी. प्रत्येक काडतूस मागच्या बाजूला नीट टेकवून, वरची कड खालच्या कडेच्या पुढे राहील अशा रीतीने भरावे.

दुसरी बाब पकडीची आहे. मनगट सैल ठेवले तर स्लाइडबरोबर पिस्तूलही मागे सरकते, स्लाइडला पुरेशी धाव मिळत नाही आणि ती अपुऱ्या जोराने परत येते. दुसऱ्या अनुभवी हातात तेच पिस्तूल, तेच मॅगझिन, तीच काडतुसे देऊन पाहिल्याशिवाय कोणत्याही भागावर आरोप करू नये. तेलाबाबतही एक सांगणे आहे : मॅगझिनच्या आत तेल सोडू नये. उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ त्या तेलात मिसळून लगदा होतो, शिवाय तेल काडतुसाच्या टोपीपर्यंत (बुडातील, दारू पेटवणाऱ्या भागापर्यंत) पोहोचल्यास ती निकामी होऊ शकते.

परभणीच्या गृहस्थांना नम्रपणे सांगतो की शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीला परवाना लागतो. सफाई मालकाने जरूर करावी. धातू काढणे ही सफाई नव्हे.

रानवारा, परभणी

कायद्याचा मुद्दा मान्य करतो, मात्र ओरखड्यांचा मुद्दा सोडत नाही. परवानाधारक कारागिरानेच तो उतार गुळगुळीत केला असता, तर तो दोष नव्हताच असे आपण म्हणाला असता का?

शस्त्रागार, लातूर

तसे म्हणालो नसतो. पण प्रथम दारू व टोपी नसलेली, केवळ चाचणीसाठीची काडतुसे भरून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, स्लाइड हाताने मागे ओढून सोडून पाहिली असती. काडतूस तेथेही उतारावरच अडकले, दोन्ही मॅगझिनांसह अडकले, तरच उताराकडे वळलो असतो.