ऑस्ट्रेलियन लेखक : सुरुवात कुठून करू?

मंदाकिनी_सातारा

नमस्कार मंडळी. लेक-जावई ब्रिस्बेनला असतात, दिवाळीनंतर मी तिकडे जातेय आणि मुक्काम चांगला लांबलचक आहे. ती दोघं ऑफिसला, नातू शाळेत, म्हणजे दिवसभर घरात मी आणि पुस्तकं. इथून न्यायची तर बॅगेच्या वजनाची पंचाईत, म्हणून ठरवलंय की तिथे असेपर्यंत तिथलंच वाचायचं.

आता गंमत अशी की ऑस्ट्रेलियन लेखक म्हटलं की माझी यादी दोनातच संपते. होस्टेलला असताना 'द थॉर्न बर्ड्‌स' वाचलेलं (एकच प्रत अख्ख्या मजल्यावर फिरत होती, शेवटची चार पानं गायब) आणि मग 'शांताराम', तेही अपर्णा वेलणकरांनी केलेला मराठी अनुवाद. आणि ते तर सगळं कुलाबा नि कफ परेडच्या झोपडपट्टीत घडतं, त्यात ऑस्ट्रेलिया कुठे आहे? नेटवर शोधलं तर जिथे तिथे तीच नावं, नोबेल, बुकर, परत बुकर. बक्षीस मिळालं म्हणजे मला झेपेलच असं काही नाही ना.

इंग्रजी वाचते, पण शब्दाशब्दाला डिक्शनरी काढायला लागली की माझा पेशन्स संपतो. खून-मारामाऱ्या चालतील. रडकं असलं तरी चालेल. फक्त क्रिकेटपटूंची आत्मचरित्रं सुचवू नका, ती आमच्या ह्यांनी कपाट भरून जमवलीयेत.

---

परमट्टा_पंत

काकू, स्वागत आहे. मी सिडनीत असतो, इथे आल्यावर मलाही हाच प्रश्न पडला होता.

माझं ऐकाल तर हेन्री लॉसनपासून सुरू करा. कथा आहेत, दहा-दहा पानांच्या, भाषा एकदम साधी, आणि लॉसन १९२२ साली गेला त्यामुळे कॉपीराइटची भानगड नाही, 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या पुस्तकांच्या साइटवर बरंचसं फुकट. पहिली कथा 'द ड्रोव्हर्स वाइफ', १८९२ ची. नवरा मेंढरं हाकत महिनोन्‌महिने लांब, ही बाई रानात दोन खोल्यांच्या घरात चार पोरं नि एक कुत्रा घेऊन राहते. संध्याकाळी घराखाली साप शिरतो. पोरांना टेबलावर झोपवून ती काठी घेऊन रात्रभर जागी बसते आणि बसल्या बसल्या तिला आधीचं सगळं आठवत जातं, वणवा, पूर, एकटीने निस्तरलेली दुखणीखुपणी. एवढंच. पण त्यात एक बारीक गोष्ट आहे, दर रविवारी ती स्वतः आवरते, पोरांना चांगले कपडे घालते आणि जुनी बाबागाडी ढकलत त्या ओसाड वाटेवर फिरायला जाते. बघणारं कुणी नाही, भेटणारं कुणी नाही, तरी शहरात निघाल्यासारखी तयार होऊन. लॉसन त्यावर भाष्य बिष्य काही करत नाही, सांगतो आणि पुढे जातो.

आणि मग लगेच, मध्ये दुसरं काही न वाचता, लेआ पर्सेलची 'द ड्रोव्हर्स वाइफ' वाचा. नाव तेच. पर्सेल क्वीन्सलँडची ॲबोरिजिनल (म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी) अभिनेत्री आणि लेखिका, तिने ही कथा उलटी करून आधी २०१६ मध्ये नाटक केलं, मग २०१९ ला कादंबरी आणि मग सिनेमाही काढला. लॉसनच्या कथेत एक काळा माणूस येतो, थोडी तंबाखू घेऊन लाकडं रचून देतो आणि ती रास आतून पोकळ निघते, बास, त्याचं काम संपलं. पर्सेल त्या माणसाला नाव देते, इतिहास देते आणि त्या बाईच्या रक्ताचाही प्रश्न काढते. दोन्ही पाठोपाठ वाचल्यावर या देशाबद्दल जे कळतं ते बुकरवाल्या यादीतून कळत नाही, हे माझं ठाम मत.

---

आडवाट

पंतांना +१, पण काकूंनी खून चालतील म्हटलंय तर आधी खूनच देऊया.

जेन हार्पर. 'द ड्राय', २०१६. मेलबर्नचा एक पोलीस लहानपणच्या मित्राच्या अंत्यविधीसाठी गावी परत येतो, मित्राने बायको आणि मुलाला मारून स्वतःला गोळी घातली असं सगळे म्हणतायत. याच गावातून हा आणि याचा बाप वीसेक वर्षांपूर्वी हाकलले गेलेत. गावात दोन वर्षं पाऊस नाही. मी बीडचा आहे, त्यामुळे असेल, पण त्या पुस्तकात खुनापेक्षा दुष्काळच जास्त अंगावर येतो. लहानपणची नदी बघायला तो झाडीतून चालत जातो आणि पुढे नुसता कोरडा खड्डा. गुरं विकायला काढलेली, दुकानदार उधारी मोजतोय, सगळ्यांचीच डोकी तापलेली, कोण कधी काय करेल सांगता येत नाही, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही. एका दमात वाचून होतं.

आवडलं तर तिचंच 'द लॉस्ट मॅन' घ्या, माझ्या मते ते जास्त चांगलं आहे. क्वीन्सलँडच्या आतल्या वाळवंटात एक माणूस तहानेने मरून पडलाय आणि त्याची गाडी काही किलोमीटरवर व्यवस्थित उभी, आत पाणी, खाणं, सगळं भरलेलं. मग तो गाडी सोडून चालत का गेला? शेजारी म्हणजे तीन तासांच्या ड्राइव्हवर, तपास करायला पोलीस जवळजवळ नाहीच, भावाभावांतच काय ते निघतं.

पीटर टेंपलचं 'ट्रूथ' पण जबरी आहे, २०१० चं माइल्स फ्रँकलिन त्याला मिळालं, म्हणजे तिथलं सगळ्यात मानाचं पारितोषिक एका पोलिसी कादंबरीला. पण ते नंतर. टेंपल अर्धी वाक्यं खातो, संवाद कोण बोलतंय ते आपणच शोधायचं, सुरुवातीला डोकं भणभणतं.

---

चिकूपिकू

सगळ्यांचं मान्य पण जोडी लावून वाचायची आयडिया आणखी एका ठिकाणी फार म्हणजे फार उपयोगी पडते म्हणून लिहितेय.

केट ग्रेनव्हिलचं 'द सीक्रेट रिव्हर', २००५. लंडनच्या थेम्सवरचा गरीब नावाडी लाकूड चोरताना सापडतो, फाशी टळते आणि १८०६ मध्ये बायकापोरांसकट न्यू साउथ वेल्सला काळ्या पाण्यावर येतो. हॉक्सबरी नदीकाठी शंभर एकरांचा तुकडा त्याच्या मनात भरतो. पहिल्याच दिवशी त्याला एका ठिकाणी माती उकरलेली दिसते, कुणीतरी खणल्यासारखी. कुंपण नाही, सरी नाही, म्हणजे शेत नाही अशी त्याची समजूत. खरं तर तिथल्या लोकांच्या कंदांची ती जागा, पिढ्यान्‌पिढ्या खणून काढून परत लावायची. हा ते कंद उपटून फेकतो आणि मका लावतो. पुढचा सगळा रक्तपात त्या एका वाफ्यातून निघतो. माणूस वाईट नाहीये हो, हाच तर त्रास आहे, आपण पानोपानी त्याच्या बाजूने असतो आणि शेवटाकडे आपलीच आपल्याला लाज वाटते. ग्रेनव्हिलच्याच एका कैदी पूर्वजावरून हे सुचलंय. इंगा क्लेंडिननसारख्या इतिहासकारांनी तिला यावरून चांगलं धारेवर धरलं होतं, की आजच्या माणसाचं मन दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसात घालता कसं येईल, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

हे झालं की किम स्कॉटचं 'दॅट डेडमन डान्स', २०१०. स्कॉट नूंगार या मूळ रहिवासी समाजाचा, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण टोकाचा. आता तीच भेट काठावर उभं राहून बघायची, जहाजावरून नाही. १८०१ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी फ्लिंडर्सचं जहाज आलं, सैनिकांनी किनाऱ्यावर कवायत करून दाखवली आणि नूंगार लोकांनी ती कवायत पाठ करून तिचा नाच केला, त्यातूनच पुस्तकाचं नाव आलंय. अंगावर लाल-पांढरे पट्टे, हातात बंदुकीच्या जागी काठ्या. किती मजेत स्वागत केलंय त्यांनी पाहुण्यांचं, आणि पाहुणे जायचं नावच घेत नाहीत. व्हेल मारण्याची वर्णनं मात्र पोट सांभाळून वाचा.

ॲलेक्सिस राइटचं नाव सगळ्या याद्यांत दिसेल, 'कार्पेंटॅरिया', 'प्रेझवर्दी'. मोठी लेखिका आहे यात वाद नाही, पण सुरुवात तिथून नको. मी 'प्रेझवर्दी' उशीसारखं वापरतेय सध्या.

---

झणझणीत

पॅट्रिक व्हाइटचं नाव कुणीच काढलं नाही हे बघून बरं वाटलं =)) १९७३ चं नोबेल, आणि 'व्हॉस'ला पहिलंवहिलं माइल्स फ्रँकलिन. २००६ मध्ये तिथल्या एका पेपरवाल्यांनी त्याच्या कादंबरीचं एक प्रकरण टोपणनावाने प्रकाशकांकडे आणि एजंटांकडे पाठवलं होतं, एकानेही घेतलं नाही. म्हणजे काकू, कंटाळा आला तर अपराधी वाटून घेऊ नका, धंद्यातल्यांनाही आला होता.

आणि 'शांताराम' ऑस्ट्रेलियन नाही म्हणताय ते कसं काय? त्याचा लेखक मेलबर्नच्या पेंट्रिज तुरुंगातून १९८० साली पळाला नसता तर पुस्तकच झालं नसतं. त्यातला खेड्यातला भाग आठवतोय का, नायक मराठी शिकतो, गडद शिव्यांसकट. आता त्यात खरं किती आणि थापा किती ते सोडा.

---

परमट्टा_पंत

@झणझणीत, लेखक ऑस्ट्रेलियन, कादंबरी मुंबईची, वाद मिटला. उलटं उदाहरण हवं तर अरविंद अडिगा. शाळेची शेवटची वर्षं सिडनीत काढलेला माणूस, आपण त्याला मंगळूर-मुंबईचाच धरतो, पण त्याची 'ॲम्नेस्टी' अस्सल सिडनीची आहे. व्हिसा संपलेला श्रीलंकेचा तमिळ मुलगा लोकांची घरं साफ करतो, एका क्लायंट बाईचा खून होतो आणि खुनी कोण ते याला माहीत असतं. पोलिसात सांगितलं तर खुनी पकडला जाईल आणि हाही परत पाठवला जाईल. एका दिवसाची गोष्ट. आपली मंडळी इकडे पीआर (कायम राहायचा परवाना) मिळेपर्यंत ज्या धास्तीत असतात ती यात इतकी नेमकी आलीये की मी मध्ये दोनदा पुस्तक मिटून ठेवलं.

व्हाइटबद्दल मात्र असहमत. 'द ट्री ऑफ मॅन' वाच, मग बोल.

---

मंदाकिनी_सातारा

अरे वा, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. लॉसनची कथा काल रात्री फोनवरच वाचली. पंत, तुम्ही रुमालाचं सांगितलं नाहीत! लाकडाची रास कोसळल्यावर ती रडते, डोळे पुसायला रुमाल काढते तर त्याला भोकंच भोकं, बोटं आरपार जातात आणि तिला हसू फुटतं. माझ्या सासूबाई डिट्टो अशाच होत्या, रडता रडता हसायच्या.

आता दोन शंका. एक, खास ब्रिस्बेनचं काही आहे का? आणि दुसरं, नातू सात वर्षांचा आहे, मराठी बोलतो पण वाचत नाही, माझे इंग्रजी उच्चार ऐकून खिदळतो. आमच्या दोघांत मिळून वाचता येईल असं काही?

---

कोकणकडा

ताई, नातवासाठी डोळे मिटून शॉन टॅनचं 'द अरायव्हल' घ्या. २००६ चं, अख्ख्या पुस्तकात वाचायला एक ओळ नाही, नुसती चित्रं, जुन्या फोटोंसारखी तपकिरी. एक बाप बायको-मुलीला मागे ठेवून परक्या शहरात जातो, तिथली अक्षरं कळत नाहीत, फळं ओळखू येत नाहीत, घरात एक विचित्र शेपटीवालं जनावर आधीच मुक्कामाला. टॅनचे वडील मलेशियातून पर्थला आलेले, त्यामुळे ते आतून आलंय. शब्दच नाहीत म्हटल्यावर गोष्ट तुम्ही मराठीतून सांगायची आणि तो तुमच्या चुका काढणार. उच्चारांचा प्रश्नच मिटला. शिवाय अँडी ग्रिफिथ्‌सची ट्रीहाउसची पुस्तकं त्याच्या शाळेत असतीलच, तेरा मजल्यांचं झाडावरचं घर, पुढच्या भागात सव्वीस, मग एकोणचाळीस. निव्वळ येडेपणा आहे, मुलं खुळावतात.

ब्रिस्बेनचं म्हणाल तर ट्रेंट डाल्टनचं 'बॉय स्वॉलोज युनिव्हर्स', २०१८. १९८० च्या दशकातलं ब्रिस्बेनचं डॅरा उपनगर, सावत्र बाप हेरॉइन विकणारा, मोठा भाऊ बोलत नाही, बोटाने हवेत वाक्यं लिहितो. नेटफ्लिक्सवर मालिका आलीये पण आधी पुस्तक. शेवटी शेवटी जरा फिल्मी होतं, चालवून घ्या. आणि मेलिसा लुकाशेंकोचं 'एडनग्लासी', त्यात १८५० च्या सुमाराचं ब्रिस्बेन आणि आजचं ब्रिस्बेन आळीपाळीने येतं. हे तिथे गेल्यावर, नदीकाठी फिरून आल्यावर वाचा, जागा ओळखीच्या वाटतील.

अजून एक नाव राहिलंच, हेलन गार्नर. कादंबऱ्या सोडा, तिचं 'धिस हाउस ऑफ ग्रीफ' वाचा. २००५ मध्ये फादर्स डेला एका माणसाची गाडी रस्त्याकडेच्या शेततळ्यात गेली, तो बाहेर आला आणि तीन मुलगे गेले. अपघात की मुद्दाम? गार्नर पूर्ण खटला कोर्टात बसून ऐकते आणि रोज तिचं स्वतःचं मत हेलकावतं. निकाल आधी गूगल करू नका. पण नातू आजूबाजूला असताना नको हे पुस्तक, खरंच सांगतो.

---

चिकूपिकू

विकत काहीही घेऊ नका काकू, तिकडे नवीन पुस्तकं महाग असतात. लेकीच्या पत्त्यावर लायब्ररीचं कार्ड निघेल, फुकट असतं, आणि त्याच कार्डावर लिबी किंवा बॉरोबॉक्स हे ई-पुस्तकांचं ॲप चालतं. फक्त नवीन गाजलेल्या पुस्तकांना नंबर लागतो म्हणून पोचल्या पोचल्या 'द ड्राय' आणि डाल्टन होल्डवर टाका. जुनी पुस्तकं ऑप शॉपमध्ये (धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकानं) अगदी किरकोळ दरात मिळतात.

---

झणझणीत

कुणीतरी टास्मानिया सांगा रे, तिकडे जाणारच असतील फिरायला.

---

आडवाट

रिचर्ड फ्लॅनगन. तिथलाच आहे. 'द नॅरो रोड टु द डीप नॉर्थ', २०१४ चं बुकर. जपान्यांनी युद्धकैद्यांकडून सयाम-ब्रह्मदेश रेल्वे बांधून घेतली त्यावर, त्याचे वडील स्वतः त्या कैद्यांत होते. बुकर असलं तरी वाचवतं. पण ताई, यातली छावणीतली प्रकरणं जेवणाआधी वाचू नका.