कायद्यासाठी गेले, की माझ्या बहिणीसाठी?

काटेसावर

मराठवाड्यातल्या एका तालुक्यात एका संस्थेत काम करते. एमएसडब्ल्यू होऊन ११ वर्षं झाली. दोन हंगामांपूर्वीची गोष्ट आहे. मुलीची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.

ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यावरून परत आल्या की ग्रामीण रुग्णालयात गरोदर बायांची गर्दी होते. त्या रांगेत एक पोरगी दिसली. भर उन्हाळ्यात ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेली, खाली मंगळसूत्र. दोन्ही हातांवर उसाच्या पाचटाचे चरे. तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि आम्ही सगळ्याच जणी म्हणतो तेच म्हणाले, "मोकळेपणानं बोल, बाहेर जाणार नाही."

ती बोलली. सोळावं सरता सरता लग्न झालं. नवरा २२ वर्षांचा. ऊस तोडायला दोघांचा मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, म्हणजे ठेकेदारानं आगाऊ दिलेले पैसे, अजून फिटायची होती. मारत नाही म्हणाली. दवाखान्यात तोच घेऊन आला होता, बाहेर रसवंतीपाशी उभा होता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून वय निघालं १७ वर्षं ४ महिने. उठताना तिनं माझा हात धरला. "ताई, कुणाला सांगू नका. ते आत गेले तर उचल कोण फेडणार?"

तिसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात जाऊन माहिती दिली.

नवरा आत गेला. दोन्हीकडच्या मोठ्यांवर बालविवाहाचा गुन्हा लागला. तिला बालकल्याण समितीपुढे नेलं, काही आठवडे बालगृहात ठेवलं. मुकादम उचलीसाठी सासूच्या दारात येऊन बसायचा. आता तिला दीड वर्षाची मुलगी आहे. परवा आठवडी बाजारात दिसली. मी हसले. तिनं लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पाठ फिरवली.

आता जे कुठंच बोलले नाही ते लिहिते. माझ्या मोठ्या बहिणीला पंधराव्या वर्षी उजवली होती. पहिल्याच बाळंतपणात ती गेली. ठाण्याच्या पायऱ्या चढताना माझ्या डोळ्यांपुढे ही पोरगी नव्हतीच, माझी ताई होती. कायद्यानं मी बरोबर केलं हे ठाऊक आहे. पण ते केलं कुणासाठी? कार्यकर्तीची स्वतःची मूल्यं आणि तिच्या व्यवसायाची नीती एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर ती नीतीनं चालली की रागानं, हे ओळखायचं कसं?

---

नांदेडकर

ताई, हेतूचा कीस पाडत बसू नका. मी वकील आहे, पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या खटल्यांत दोन्ही बाजूंनी उभा राहिलोय.

२०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ म्हणतं की गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या, किंवा तो घडेल अशी शंका असलेल्या कोणत्याही व्यक्तीनं पोलिसांना कळवलंच पाहिजे. नाही कळवलं तर कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. लग्न झालंय ही सबब २०१७ पासून उरलेली नाही. १८ वर्षांखालच्या पत्नीशी संबंध हाही बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयानं त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सांगितलं आणि नव्या न्याय संहितेतही तेच आलं.

कायदा विचारतो, कळवलंत का? कशासाठी कळवलंत हे विचारत नाही, आणि ते बरंच आहे. ज्याच्या त्याच्या मनातल्या मूल्यांवर सोडलं असतं, तर एकही कार्यकर्ता ठाण्याची पायरी चढला नसता. चूक म्हणाल तर एकच, तीन दिवस थांबलात.

---

समाधान_प

नांदेडकरांशी पूर्ण असहमत. मी समाजकार्य महाविद्यालयात शिकवतो.

हेतू महत्त्वाचा आहे, कारण काम कसं होतं ते हेतूवर ठरतं. माहिती द्यायचीच होती हे मान्य. पण त्या तीन दिवसांत तुम्ही तिला पुन्हा भेटलात का? "मला हे सांगावंच लागणार आहे, पुढे असं असं होईल, मी तुझ्यासोबत असेन," असं तिच्याशी बोललात का? तुमच्या लिहिण्यात ते कुठंच नाही. मला वाटतं तुम्ही गेला नाहीत, कारण तुमच्या मनात निकाल लागून गेला होता.

आणि मूळ चूक ठाण्यातली नाही, बाकावरची आहे. "बाहेर जाणार नाही" हे वचन द्यायचा तुम्हाला अधिकारच नव्हता. गुप्ततेला मर्यादा आहेत आणि त्या समोरच्यानं तोंड उघडण्याआधी सांगायच्या असतात. हे आम्ही पहिल्या सत्रात शिकवतो. मुलं परीक्षेत लिहितात, आणि क्षेत्रकार्याला गेली की विसरतात.

कायदा पाळला म्हणजे नीती पाळली असंही नाही. १८८७ साली मुंबईच्या न्यायालयानं लहानपणी लग्न लावलेल्या रखमाबाईंना सांगितलं होतं की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर ६ महिने तुरुंगात जा. तेव्हाचा कायदा तसाच होता. रखमाबाई तुरुंगाला तयार झाल्या.

---

ऊसतोड्याचा_पोरगा

सगळं वाचलं. माझे आईबाप २६ हंगाम कोयत्यावर गेले. मी पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत वाढलोय.

पोरीचं लग्न लवकर का होतं हे इथं कुणीच लिहिलं नाही. दसरा-दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. वयात आलेली पोर मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची? सोबत नेली तर फडात ना आडोसा ना दार, मुकादमाची माणसं, ट्रॅक्टरवाले. बापाला रात्री झोप लागत नाही. आणि उचल मिळते जोडप्याला. नवरा-बायको म्हणजे एक कोयता, एकट्या पोराचा अर्धाच. लग्न केलं की दोन्ही प्रश्न सुटतात. हे चूक आहे हे मला कुणी सांगू नका. माझी बहीण यातूनच गेलीय.

पण ताई, तुमच्या तक्रारीनं आत गेला कोण? २२ वर्षांचा पोरगा. त्याचंही लग्न त्याला विचारून झालं नसेल. ज्या मुकादमानं जोडी असेल तरच उचल दिली त्याला साधी नोटीस तरी गेली का? कारखान्याला? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभर बायांतल्या जवळपास २२ जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. शंभरातल्या बावीस घरांतले नवरे आत घालणार का?

ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना २०२१ ला आली, ८२ वसतिगृहं मंजूर झाली. पोरींचं वसतिगृह दिवाळीआधी सुरू होतंय का, तिथं बाई रेक्टर आहे का, दाराला कडी आहे का, हे बघायला चला. तिथं तुमचा राग कामाला येईल.

---

गोदाकाठची

दादा, तुमच्या कोपीतलं दुःख खरं आहे. पण मला या ताईंच्या बाजूनं बोलायचंय, आणि मी पुस्तकातलं बोलत नाही.

माझं लग्न १९९२ ला झालं. मी १४ वर्षांची होते. मुलीच्या लग्नाचं वय १८ करणारा बदल १९७८ चा, म्हणजे तो कायदा आणि मी एकाच वर्षी जन्मलो. मांडवात पोलीस पाटील जेवायला होते, आमचे गुरुजीही होते. सगळे चांगली माणसं. कुणालाच माझा संसार मोडायचा नव्हता.

पंधराव्या वर्षी मला दवाखान्यात कुणी विचारलं असतं, "सुखात आहेस का?" तर मी हो म्हणाले असते. नवरा मारतो का? नाही म्हणाले असते, आणि ते खोटंही नव्हतं. मला नाही म्हणता येतं हेच ठाऊक नव्हतं. तिशीत गर्भपिशवी काढली. आज शेचाळिसाव्या वर्षी जिना चढताना कठड्याला धरावं लागतं.

सर, तुम्ही रखमाबाईंचं उदाहरण दिलंत. रखमाबाई नाही म्हणत होत्या, त्यांना लिहिता येत होतं, मागं उभं राहणारा सावत्र बाप डॉक्टर होता. ही पोरगी "सांगू नका" म्हणाली, तर तो तिचा निर्णय म्हणायचा? त्यात उचल बोलत होती, सासू बोलत होती. मुलीला नाही म्हणायची एकही वाट ठेवायची नाही आणि मग तिच्या हो ला मान द्यायचा, याला मी नीती म्हणणार नाही.

ताई, तुमच्या बहिणीची आठवण तुम्हाला तिथं घेऊन गेली असेल तर जाऊ द्या. माझ्या वेळी तसा राग असलेलं एक माणूस हवं होतं.

---

हरणखुरी

मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्ती आहे, १९ वर्षं. दोन गोष्टी.

पहिली, गोदाकाठच्या ताईंना. तुमचं वाचून गलबलून आलं, तरी माझा अनुभव उलट आहे. दवाखान्यातून पोलिसांना कळतं ही बातमी वस्तीत एकदा पसरली की पोरी येणं बंद करतात. मग येतात त्या सातव्या-आठव्या महिन्यात, पाय सुजलेले, रक्त सहा-सातवर आलेलं. काही त्याआधी कुठल्यातरी गोळ्या खाऊन आलेल्या असतात. सक्तीच्या तक्रारीनं एक पोर वाचते तेव्हा न आलेल्या किती हुकतात ते कुठल्याच रजिस्टरला चढत नाही.

दुसरी, मूळ प्रश्नाबद्दल. मी गर्भपाताच्या विरोधात आहे. तशीच वाढले, श्रद्धाही तशीच आहे. आणि आठवड्यातून चार-पाच जणींशी मला त्याच विषयावर बोलायचं असतं. पहिल्या वर्षी मी आवाज मऊ करून विचारायचे, "नीट विचार केलास ना?" गर्भ ठेवणारीला मी हे कधीच विचारलं नाही, हे एका सिस्टरनं माझ्या ध्यानात आणून दिलं. शब्द कोरे होते, माप एका बाजूला झुकत होतं.

तेव्हापासून ठेवायचंय किंवा नाही ठेवायचं, दोघींना मी तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारते, कागदावर लिहून ठेवलेत. एकदा बाई २३ व्या आठवड्यात होती, मला बोलणं जमेना. बाहेर येऊन सहकारी मैत्रिणीला म्हटलं, ही केस तू घे. त्यात कमीपणा वाटला नाही. माझी मूल्यं बदललेली नाहीत. ती माझ्याकडेच राहतात, तिच्या केसपेपरवर उतरत नाहीत.

आणि नांदेडकर, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अल्पवयीन मुलीची ओळख न सांगता कळवायची मुभा दिलीय ना? मग या ताईंना ती वाट का नव्हती?

---

नांदेडकर

चांगला मुद्दा, पण ती वाट इथं लागू होत नाही. तो निकाल गर्भपात करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांपुरता आहे. मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर कलम १९ च्या माहितीत तिचं नाव-गाव द्यायची डॉक्टरवर सक्ती नाही. या पोरीला मूल हवं होतं, आणि काटेसावर डॉक्टर नाहीत.

समाधान सरांचं एक मात्र मान्य. बाकावरचं वचन चुकलं. माझ्याकडे अशील आला की पहिल्यांदा मी काय करू शकत नाही तेच सांगतो.

---

ऊसतोड्याचा_पोरगा

गोदाकाठच्या ताई, तुमच्यापुढं मला बोलायला जागा नाही. माझ्या आईचं वय तुमच्याएवढंच आहे, आणि पिशवी तिचीही काढलीय. फक्त एक विचारतो. १९९२ ला कुणी तक्रार केली असती आणि तुमच्या घरातली माणसं आत गेली असती, तर तुम्ही गेला कुठं असता?

---

गोदाकाठची

तेच तर. कुठंच नाही. परत त्याच घरात. म्हणून तुमचं वसतिगृह आणि ताईंची तक्रार दोन्ही लागतात. पण वसतिगृह होईपर्यंत तक्रार थांबवायची म्हणाल, तर तोवर आणखी किती पोरी जातील ते मोजा.

---

काटेसावर

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं.

समाधान सर, तुम्ही ओळखलंत. त्या तीन दिवसांत मी तिला भेटले नाही. तिच्या वस्तीवर जायला निघाले होते, फाट्यापर्यंत गेले आणि परत फिरले. ती रडली असती तर मला कळवणं जमलं नसतं, ही भीती होती. आपला निर्णय बरोबर आहे असं वाटत असताना तो तिच्या डोळ्यात बघून सांगायला मी भ्याले. नांदेडकर म्हणतात तीन दिवस उशीर झाला. माझ्या लेखी ते तीन दिवस वाया गेले.

मुकादमाला नोटीस गेली नाही. मी तेव्हा मागणीही केली नव्हती, सुचलंच नाही. राग समोर दिसलेल्या माणसावर गेला आणि तिथंच थांबला. दादा, वसतिगृहाचं मनावर घेतलंय. दिवाळीआधी दोन गावांच्या ग्रामसेवकांना भेटणार आहे, बालविवाह प्रतिबंध अधिकारी तेच आहेत.

हरणखुरी, तुमच्या कागदाचं ऐकून मीही एक वाक्य लिहून काढलंय आणि महिनाभर तेच म्हणतेय: "तू अठराच्या आत असशील आणि लग्न झालं असेल किंवा कुणी तुला हात लावला असेल, तर ते मला पोलिसांना कळवावं लागतं. ते ऐकूनही बोलायचं असेल तर बोल. नाही बोललीस तरी तपासणी होईल, गोळ्या मिळतील." लांबलचक आहे. सहकारी म्हणतात, असं सांगितल्यावर कोण बोलेल?

मागच्या मंगळवारी एक जण हे ऐकून उठली आणि तपासणी न करताच निघून गेली. तिचं वय मला माहीत नाही. नावही नाही. नवी पिवळी चप्पल तेवढी लक्षात आहे.

---

समाधान_प

जाऊ द्या. ती खरं ऐकून गेलीय, फसून नाही. परत आली तर त्याच खऱ्यावर येईल. मागं लागलात तर पुढची पोरगी बाकावरसुद्धा बसणार नाही.

---

गोदाकाठची

सर, ती परत यायची वाट बघण्याइतका वेळ तिच्याकडे आहे का ते आपल्याला ठाऊक नाही. ताई, गावातल्या आशा कार्यकर्तीला विचारा. कुठल्या वस्तीत कोण नवी नांदायला आलीय हे तिला माहीत असतं. पोलिसांचं नंतर बघू. आधी तिचं रक्त तपासा, आणि यावेळी फाट्यावरून परत फिरू नका.