ढकलता न येणारी गाडी

सचिव, बुधवार, सकाळी ८.१०
सर्व सभासदांना नमस्कार. काल पहाटेच्या प्रकाराबद्दल ग्रुपवर बरेच संदेश आले, त्यांतले काही रागाचे आहेत आणि काही थट्टेचे, म्हणून प्रत्यक्षात काय घडले ते एकदा नीट लिहितो. तळमजल्यावरील काकूंना मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे आठवड्यातून तीन दिवस डायलिसिससाठी जावे लागते आणि त्यासाठी त्यांची गाडी सव्वापाचला बाहेर पडते. काल त्यांच्या गाडीपुढे, दुसऱ्या रांगेत, ५०२ यांची नवी ऑटोमॅटिक गाडी उभी होती. दुसऱ्या रांगेतली गाडी हँडब्रेक न ओढता न्यूट्रलमध्ये ठेवायची आणि गरज पडेल तेव्हा वॉचमनने ती ढकलून बाजूला करायची, हा आपला रिवाज इमारतीत पाच-सहाच गाड्या होत्या तेव्हापासूनचा आहे आणि एकोणीस गाड्या झाल्या तरी त्याच्याच जोरावर आपले भागत आले आहे. काल वॉचमन आणि गाड्या धुणारा मुलगा असे दोघांनी मिळून जोर लावला, पण गाडी तसूभर हलली नाही. मग चावी मागवली, तर रिमोटने दार उघडेना. शेवटी काकू रिक्षाने गेल्या आणि पाऊण तास उशिरा पोहोचल्या. कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, पण पुढे काय करायचे ते आज ठरवणे भाग आहे.

५०२, सकाळी ८.३४
काकू, सर्वांसमोर तुमची क्षमा मागतो. मी नाशिकला होतो आणि घरी हिला जे सांगायला हवे होते ते मलाच ठाऊक नव्हते. ही गाडी आईच्या गुडघ्यांमुळे घेतली, कारण तिला उंच आसन हवे होते, आणि ऑटोमॅटिक घेतली ती अंधेरी-कुर्ला रस्त्यावर क्लच दाबून माझाच पाय भरून येत असे म्हणून. घेताना कॅमेरे, पडदा, छतातली काच असे सगळे पाहिले, मात्र इंजिन बंद केल्याबरोबर ही गाडी आपणहून 'पी'मध्ये, म्हणजे पार्कमध्ये, जाते आणि विजेवर चालणारा पार्किंग ब्रेकही स्वतःच लावून घेते, हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. त्यात बॅटरी उतरली होती. मी घरूनच काम करत असल्यामुळे दहा दिवसांत गाडी जागा बदलण्यापुरतीच हलली होती. काल रात्री परत आल्यावर जाडजूड माहितीपुस्तिका प्रथमच उघडली, तेव्हा कळले की रिमोटच्या पोटात लोखंडी चावी दडवलेली असते आणि दाराच्या मुठीवरचे प्लास्टिकचे टोपण काढले की तिचे कुलूप सापडते. पहाटे दारापाशी उभे राहून हिने रिमोट वीस वेळा तरी दाबला असेल, पण चावी तिच्या हातातच होती.

२०१, सकाळी ९.०५
मी यंत्र अभियंता म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. कंटाळा आल्यास पुढे जावे. 'पी' म्हणजे गिअरबॉक्समधील दातेरी चाकात अडकणारी खिट्टी. ती बसली की चार माणसे लावली तरी गाडी सरकत नाही, आणि सरकू नये अशीच तिची रचना असते. विजेच्या पार्किंग ब्रेकमध्ये मागच्या चाकांपाशी छोट्या इलेक्ट्रिक मोटर असतात आणि ब्रेक लावायला जशी वीज लागते तशीच तो सोडवायलाही लागते. म्हणजे बॅटरी गेली की ही दोन्ही कुलपे आतूनच लागलेली राहतात. माझ्या प्रीमियर पद्मिनीची बॅटरी बसली की खालची मुले जमा होत, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की धक्क्यावर ती सुरू होई आणि मग गल्लीभर धूर होई. तो धूर मला परत नको आहे. मात्र ऑटोमॅटिक गाडीला धक्का देऊन सुरू करणे शक्यच नाही, हे आपल्यापैकी अनेकांना आजही माहीत नाही.

आता बॅटरी का उतरते ते पाहू. नवी गाडी कुलूपबंद असली तरी पूर्ण झोपलेली नसते. चावी जवळ येते का हे ती ऐकत असते, मोबाइलवरच्या अ‍ॅपशी संपर्क ठेवते आणि चोरीच्या अलार्मवर लक्ष ठेवते. या सगळ्यासाठी साधारण ३० ते ५० मिलिअँपिअर वीज जाते, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त सव्वा अँपिअर-तास (बॅटरीत किती वीज मावते त्याचे हे माप). ४५ अँपिअर-तासांची चांगली बॅटरी एवढ्यावर दोन-तीन आठवडे सहज टिकते. परंतु ५०२ यांनी पुढच्या काचेवर बसवलेला कॅमेरा गाडी उभी असतानाही चित्रण करत असेल आणि त्याला पाव अँपिअर लागत असेल, तर एकट्या त्याचेच दिवसाला सहा अँपिअर-तास होतात, आणि मग आठवडाही निघत नाही. त्याची वायर कायमच्या विजेवरून काढून इग्निशनबरोबर चालू-बंद होणाऱ्या विजेवर घ्यावी, एवढ्यानेच निम्मा प्रश्न सुटेल. आणखी एक गोष्ट म्हणजे मुलांना शाळेत आणि भाजीला मंडईत असे दीड-दोन किलोमीटर एसी लावून फिरवल्याने बॅटरी भरत नाही, उलट स्टार्टरने जेवढी वीज खाल्ली तेवढीसुद्धा परत येत नाही.

६०३, सकाळी ९.२०
आमची गाडी विजेवर चालते, म्हणून आम्हाला ही काळजी नसावी असे वाटते.

२०१, सकाळी ९.२६
तुम्हालाही आहे. विजेच्या गाडीतसुद्धा दारे, पडदा आणि संगणक यांसाठी १२ व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी असते. ती उतरली तर मोठ्या बॅटरीत ८० टक्के चार्ज असूनही गाडी चालू होणार नाही. आणि शेजाऱ्याची गाडी सुरू करून देण्यासाठी तुमच्या गाडीला केबल जोडू नका. बहुतेक उत्पादक त्यास मनाई करतात.

१०३, सकाळी १०.४८
सगळा रोख तक्रारीकडे चालला आहे म्हणून दुसरी बाजूही मांडते. मी आठवड्यातून चार दिवस पार्ल्याहून वाशीला जाते. जानेवारीत सायन-पनवेल महामार्गावर माझ्या पुढचा टेम्पो अचानक थांबला, त्या क्षणी मी आरशात पाहत होते, आणि माझा पाय ब्रेकवर जाण्याआधी गाडीने स्वतःच ब्रेक दाबला. टेम्पोच्या मागे लटकणारी साखळी मला मोजता आली असती, इतक्या जवळ मी थांबले. त्या दिवसापासून या गाडीच्या बाकीच्या कटकटी मी निमूटपणे सोसते.

कटकटी मात्र आहेत. शेजारच्या आसनावर भाजीची पिशवी ठेवली की गाडी तिला माणूस समजते आणि पिशवीने पट्टा लावला नाही म्हणून ठणाणा करते, त्यामुळे आता मी दुधी आणि मेथीला पट्टा बांधून घरी आणते. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीत चालकाची एअरबॅग, पुढच्या दोन्ही आसनांसाठी पट्ट्याची सूचना, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, आणि त्यातली एकही गोष्ट मला नकोशी वाटत नाही. आपल्या आवारात मुले सायकली घेऊन गाड्यांच्या मागे घुटमळतात, तेव्हा त्या सेन्सरचे मोल कळते. पण ८० च्या वर गेले की टुंग आणि १२० च्या वर अखंड टुंगटुंग, असा तो वेगाचा इशारा आहे. द्रुतगती मार्गाची सपाटीवरची मर्यादाच १०० असल्यामुळे नियमात राहूनही पुण्यापर्यंत घंटानाद ऐकत जावे लागते.

माझी खरी तक्रार पडद्याबद्दल आहे. एसीचा पंखा कमी करायचा तर पडद्यावरील चित्राला हात लावा, मग दुसरे पान उघडा, मग बोट सरकवा, आणि तेवढ्यात खड्डा आला की बोट भलतीकडे पडून गाणी सुरू होतात. जुन्या गाडीत गोल खटका होता आणि डोळे रस्त्यावर ठेवून तो चाचपता येत असे. युरोपातील गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या यूरो एनकॅपने जानेवारी २०२६ पासून असे ठरवले आहे की पूर्ण तारे हवे असतील तर इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदतीची हाक यांसाठी हाताला लागणारी खरी बटणे असावीत. एसीचा त्यात उल्लेख नाही. ज्यांनी तो नियम केला त्यांनी मे महिन्यात सायनच्या सिग्नलवर गाडी चालवली नसावी.

४०१, सकाळी ११.३०
ताईंच्या मताशी सहमत आहे, पण अशा यंत्रणांचा मला आलेला अनुभव वेगळा आहे. गाडी मार्गिकेत ठेवणारी यंत्रणा पुढच्या काचेमागील कॅमेऱ्यातून रस्त्यावरचे पांढरे पट्टे वाचते. अटल सेतूवर २१.८ किलोमीटरभर पट्टे स्वच्छ दिसतात आणि गाडी सरळ रेषेत जाते, तेव्हा पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. तीच गाडी मेट्रोच्या कामाभोवतीच्या पत्र्यांपाशी आली की जुना पट्टा, नवा पट्टा आणि पुसलेला पट्टा अशी तीन उत्तरे तिला मिळतात, आणि स्टिअरिंग माझ्या हातातून अलगद पत्र्याकडे ओढले जाते. मोटारसायकल दोन हातांवरून आडवी घुसली की गाडी कचकन थांबते आणि मागचा रिक्षावाला माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. म्हणून शहरात मी त्या यंत्रणा बंद ठेवतो. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद करणारी सोयही तशीच आहे. पेट्रोल वाचते हे खरे, पण आमच्या गाडीत त्याबरोबर एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो आणि मिनिटभरात गरम हवा येऊ लागते. ती बंद करण्याचे बटण आहे, मात्र गाडी चालू केली की दर वेळी ते नव्याने दाबावे लागते.

खर्चाचीही कल्पना असू द्या. पावसाळ्यात माझ्या पुढच्या काचेला दगडाने तडा गेला. काच बदलणे हे पूर्वी एका दुपारचे काम असे. आता काच बदलल्यावर तिच्यामागच्या कॅमेऱ्याची दिशा यंत्रावर पुन्हा जुळवून घ्यावी लागते आणि तोपर्यंत तो काय पाहतो याचा भरवसा नसतो. त्यासाठी गाडी तीन दिवस सर्व्हिस सेंटरमध्ये राहिली, त्यांपैकी दोन दिवस जुळवणीचा माणूस येण्याची वाट पाहण्यात गेले.

२०४, दुपारी १.१५
तरुण मंडळींना एक आठवण करून देतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्या रात्री या शहरात काही माणसे बंद गाडीत गुदमरून गेली. पाण्यात वीज गेली की विजेच्या काचा खाली येत नाहीत आणि बाहेरच्या पाण्याच्या दाबामुळे दार उघडत नाही. तेव्हा विजेच्या काचा ही चैन होती, आज त्या जवळजवळ प्रत्येक गाडीत आहेत. मी चालकाच्या दाराच्या कप्प्यात छोटी हातोडी ठेवतो. बाजूची काच कोपऱ्यात मारली की तिचा भुगा होतो. पुढच्या काचेत मात्र प्लास्टिकचा पदर असतो, तिच्यावर ताकद वाया घालवू नये. ही हातोडी सामानाच्या डिकीत ठेवण्यात काही अर्थ नाही, हे माझ्या मुलाला दोनदा सांगावे लागले.

सचिव, सायंकाळी ६.२०
सर्वांचे आभार. आता आवाराविषयी बोलू. गाड्यांच्या चाव्या वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवाव्यात अशी एक सूचना आली, परंतु रिमोट जवळ असला की गाडीचे दार उघडते आणि बटण दाबताच ती सुरू होते, तेव्हा एकोणीस रिमोट एका खिळ्यावर टांगण्यास माझी संमती नाही. शिवाय वॉचमनकडे वाहन चालवण्याचा परवाना नाही. माझा प्रस्ताव असा की दुसऱ्या रांगेत फक्त हाताने ओढायचा हँडब्रेक असलेल्या आणि न्यूट्रलमध्ये राहू शकणाऱ्या गाड्या लावाव्यात, आणि बाकीच्यांनी भिंतीलगतच्या पहिल्या रांगेत लावाव्यात.

५०२, सायंकाळी ६.४१
मला मान्य आहे, पण एक गोष्ट तपासून सांगतो. आज पुस्तिकेप्रमाणे करून पाहिले: इंजिन चालू असताना पार्किंग ब्रेक आपोआप लागण्याची सोय पडद्यावरून बंद करायची, ब्रेक दाबून 'एन', म्हणजे न्यूट्रल, निवडायचे, आणि पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमाने बटणे दाबून गाडी बंद करायची. गाडी न्यूट्रलमध्ये राहिली आणि वॉचमनने ती एका हाताने ढकलली. मात्र अशा वेळी दारे कुलूपबंद होत नाहीत, म्हणजे रात्रभर गाडी उघडी ठेवावी लागेल.

२०१, सायंकाळी ६.५५
प्रत्येक गाडीची पद्धत निराळी असते. जुन्या धाटणीच्या ऑटोमॅटिकमध्ये दांडीशेजारी बारीक खाच असते, तिच्यात चावीचे टोक दाबले की दांडी 'एन'वर येते. एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच आणि गिअर यंत्राने बदलणाऱ्या, गाड्यांत बहुधा 'पी' नसतो आणि हँडब्रेकही हाताचाच असतो, त्यामुळे त्यांची अडचण नाही. गोल खटक्याच्या किंवा बटणांच्या गाड्यांना ती खाच नसते. रविवारी दहा वाजता सर्वांनी आपापली पुस्तिका घेऊन खाली यावे, एकेक गाडी प्रत्यक्ष ढकलून पाहू आणि वॉचमनच्या वहीत नोंद करू. रिमोटमधला सेलही बदलून घ्या. सीआर २०३२ असे मागितले की कोणीही देतो. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, असा त्या आकड्याचा अर्थ आहे.

१०३, सायंकाळी ७.०२
आणि तोपर्यंत?

सचिव, सायंकाळी ७.१०
तोपर्यंत कोणीही काकूंच्या गाडीपुढे ऑटोमॅटिक गाडी लावू नये, ही विनंती.

तळमजला, रात्री ९.४०
तुम्ही सर्वांनी माझी एवढी काळजी घेतलीत, बरे वाटले. पुस्तिका, खिट्टी, अँपिअर यांतले मला फारसे कळले नाही. उद्या गुरुवार आहे. आत्ता खिडकीतून पाहिले, तर माझ्या गाडीपुढे ३०१ ची पांढरी नवी गाडी उभी आहे. ती हलते की नाही, एवढे कोणी खाली जाऊन पाहील का?

३०१, रात्री ९.४३
काकू, गाडी 'पी'मध्ये आहे. उतरतो आहे.